कडेची खुर्ची

"या हिवाळ्यात मी संध्याकाळची बाहेरच्या खोलीत बसेन म्हणते," रोझविता म्हणाली आणि पावाला लोणी लावत राहिली. एवढंच. बायकोनं आपल्याच घरातल्या खोलीत बसायचं म्हटलं तर त्यात दचकण्यासारखं काय आहे? पण माझा चमचा अंड्याच्या कवचावर टेकला तो तिथेच राहिला. कारण रोझविता गेली चौतीस वर्षं संध्याकाळची बाहेरच्या खोलीत बसलेली नाही. सहाला जेवण, मग ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिवणकाम घेऊन आणि मी बाहेर माझ्या अमिगासमोर; मधे एक दार, वरच्या भागाला दुधी काच असलेलं. बोट्रोपसारख्या जर्मन खाणगावात अशी शंभर घरं सापडतील. कुणाचा नवरा कबुतरांपाशी, कुणाचा फुटबॉलपाशी, माझ्या बायकोचा एका जुन्या कॉम्प्युटरपाशी. आम्ही भांडत नाही. शेजारणी तर आमचं उदाहरण देतात. "बैस की," मी म्हणालो, "तुझी खुर्ची आहेच." "खुर्ची आहे रे," ती म्हणाली, "पण तुझं ते लुकलुकतं." "लुकलुकत नाही," मी म्हणालो. इतक्या चटकन म्हणालो, की माझं मलाच ऐकू आलं. खाणीवर कुणी समोरून आला की हात आपोआप टोपीकडे जायचा, तसं ते वाक्य आपोआप आलं होतं, आणि ते आजचं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' मला पाठ आहे. त्यात राग नसतो. दुकानात हव्या त्या रंगाचा दोरा नसला की माणूस 'बरं' म्हणून बाहेर पडतो, तसलं ते 'बरं'. ती उठली, बश्या गोळा केल्या, आणि मी खिडकीतून समोरच्या छपरावरचं ओलं शेवाळ बघत बसलो. मला वाटलं होतं ती गोष्ट केव्हाच मिटली. खरं तर मिटली नव्हती, नुसती बंद दारामागे ठेवलेली होती, आणि ठेवणारा मी होतो.

मी खाणीच्या मोजणी कचेरीत आरेखक होतो. एवाल्ड प्रिस्तावीक, तिसऱ्या टेबलावरचा. मोजणीदार खाली जाऊन आकडे आणायचे आणि मी वर बसून त्यांच्या रेघा करायचो. हजार मीटर खालचे बोगदे, एकाखाली एक मजले, काळ्या शाईत. छत्तीस वर्षं रेघा मारल्या. त्या नकाशांवर माणूस नसायचा. नियमच होता तो; नकाशावर दगड, कोळसा, पाणी आणि हवा, माणसाला खूण नाही. अठ्ठ्याऐंशी साली मी अमिगा घेतला तेव्हा कचेरीतले लोक हसले. ती चीज पोरांनी खेळ खेळायला घेतलेली. पण तिच्यात चित्र काढायचा एक प्रोग्रॅम होता, आणि मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं, की आपली खाण काढायची. कचेरीची नव्हे, आपली. सहाव्या मजल्यावर हाइन्स-गेऑर्गची कवळी जिथे सरकत्या पट्ट्यावर पडून कोळशाबरोबर वर गेली ती जागा. चौथ्यावर तो कोनाडा, जिथे श्टानिस्लाव रोज दहा मिनिटं झोपायचा आणि सगळ्यांना माहीत असून कुणी कधी बोललं नाही. प्रत्येक माणसाला एक रंग, दोन-चार ठिपके. हे मी कुणाला सांगितलं नाही. रोझवितालाही नाही. माणूस पन्नाशीच्या आत असतो तेव्हा असल्या गोष्टींची त्याला लाज वाटते.

अमिगाला एक खोड आहे, आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे. बारीक रेघांचं चित्र हवं असेल तर तो ते एकदम दाखवत नाही. आधी एकाआड एक ओळी दाखवतो, मग राहिलेल्या, मग पुन्हा आधीच्या. एक ओळ सेकंदाला पंचवीस वेळा उजळते आणि तितक्याच वेळा मंदावते. जाड चित्र असेल तर निभतं. पण एका ओळीएवढी आडवी रेघ असली की ती थरथरते, आणि खाणीच्या नकाशात दुसरं असतं तरी काय? आडव्या रेघाच. तेव्हा लोक नाना उपाय करायचे. कुणी पडद्यावर काळपट काच लावायचा, कुणी सगळं चित्र राखाडी ठेवायचा, आमच्या अमिगा मंडळातला डेटलेफ तर घरात गॉगल घालून बसायचा आणि त्याची सासू शेजाऱ्यांना सांगायची, की जावयाला दारूनं डोळे आलेत. मी काही केलं नाही. मला त्रासच होत नव्हता. दोन-चार दिवस डोळे चुरचुरले, मग थांबले. मला त्याची घमेंडही होती थोडी. आरेखकाचे डोळे, म्हणालो, हे काय साधेसुधे डोळे आहेत?

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी रोझविता तिच्या खुर्चीत कुणाच्या तरी कोटाचं अस्तर शिवत होती. तेव्हा ती खाणीच्या खानावळीत कामाला होती, शिवण वरकड. माझं टेबल लांब भिंतीला, तिची खुर्ची पुस्तकांच्या कपाटाशी, माझ्या डाव्या हाताला. ती म्हणाली, "डोकं चढलंय. ते फार लुकलुकतं रे." मी मान न वळवता म्हणालो, "लुकलुकत नाही." मग खुर्चीचा आवाज झाला, कात्री टोपलीत पडली, दार लागलं. मी मान वळवली नाही हे मला स्पष्ट आठवतं, कारण त्या वेळी मी एक तिरकी रेघ आडव्या रेघेला मिळवत होतो आणि ती एका ठिपक्यानं चुकत होती. दुसऱ्या दिवशी ती आतच बसली. तिसऱ्या दिवशीही. मग मी एक समजूत करून घेतली. रोझविताला माझं यंत्र आवडत नाही. डोकं वगैरे सगळं निमित्त. बायकांना नवऱ्याचा छंद सलतोच. मी तिला कधी टोकलं नाही, तिनं मला कधी टोकलं नाही, आणि मी स्वतःला फार समजूतदार नवरा समजत आलो. समजूत एकदा अंगवळणी पडली की तिच्यावर माणूस घर बांधतो. आम्ही तर दोन खोल्या बांधल्या.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमचं मंडळ डेटलेफच्या मेव्हण्याच्या बागेतल्या लाकडी घरात जमतं. अकरा म्हातारे आणि मेल्टेम. मेल्टेम सेहेचाळीसची, दिवसा रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करते आणि सुटीच्या दिवशी आमची. तिचा बाप आमच्याच खाणीत खाली कोळसा फोडायचा, म्हणून ती मला काका म्हणते; तिच्या घरात बापाच्या कामावरचे सगळे काकाच. मी तिच्या टेबलाशी गेलो आणि आवाज शक्य तितका सहज ठेवून म्हणालो, की अमिगाला कमी लुकलुकणारा मॉनिटर हवाय.

"तुला?" मेल्टेम म्हणाली. "लोखंडी डोळ्यांच्या काकाला? काय, म्हातारपण आलं वाटतं?"

"मला नाही. घरात. रोझविता बाहेर बसायचं म्हणतेय."

डेटलेफ बटाट्याच्या सॅलडचं पातेलं टेबलावर ठेवत होता. तो म्हणाला, "पंचवीस हर्ट्झला घाबरणारे लोक. चार दिवस बसू दे तिला, डोळ्यांना सवय होते. मला झाली की नाही?"

"तुझ्या डोळ्यांना गॉगलची सवय झाली," मेल्टेम म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "काका, तुला ते दिसतं का? खरं सांग."

"नाही दिसत."

तिनं एक जुना मॉनिटर चालू केला, त्याला अमिगा जोडला, पांढऱ्यावर काळ्या बारीक रेघा आणल्या. मला त्यात काही वावगं दिसेना. "बघ, स्थिर आहे," मी म्हणालो. "आता मान वळव," ती म्हणाली. "तिकडे, खिडकीकडे. पडद्याकडे बघायचं नाही. खिडकीतल्या त्या कोबीकडे बघ." मी कोबीकडे बघितलं. आणि माझ्या डोळ्याच्या कडेला सगळं फडफडायला लागलं. पडदा, टेबल, त्याच्यावरचा उजेड, डेटलेफचा पांढरा सदरा. जणू कुणी माझ्या कानाशी पत्त्यांचा कॅट पिसत होतं. मी झटकन पडद्याकडे बघितलं, स्थिर. पुन्हा कोबीकडे, फडफड. "डोळा मधून बारीक बघतो आणि कडेनं हालचाल बघतो," मेल्टेम शांतपणे सांगत होती, "समोर बसणाऱ्याला कळत नाही, बाजूला बसणाऱ्याचं डोकं उठतं. तुम्ही सगळे समोर बसता ना, म्हणून तुम्हाला वाटतं बायकोचं नाटक आहे." म्हातारे हसले. मीही हसलो असणार. पण माझी नजर कोबीवरून हटेना. माझं टेबल लांब भिंतीला, तिची खुर्ची कपाटाशी. ती शिवणावर वाकलेली, म्हणजे पडदा तिच्या उजव्या डोळ्याच्या कडेला, साधारण पन्नास अंशांवर. आयुष्यभर मी कोन मोजून पोट भरलं. पृथ्वीच्या पोटात हजार मीटर खाली दोन बोगदे कुठे भेटतील ते मी वर बसून सांगायचो. आणि साडेतीन मीटरांवर बसलेल्या माझ्या बायकोचा कोन मला कधी घ्यावासा वाटला नाही. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

मग मी मॉनिटर शोधायला लागलो आणि नेहमीप्रमाणे एकटाच शोधायला लागलो. मेल्टेमनं मला पेन्सिलीची युक्ती शिकवली होती. उजळलेल्या पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल धरून वेगानं हलवायची. पेन्सिलीचा सलग धूसर पट्टा दिसला तर पडदा स्थिर. एकीच्या सात-आठ पेन्सिली सुट्यासुट्या दिसल्या, तर पडद्यामागचा दिवा गुपचूप उघडझाप करतोय. मी आरेखकाची पेन्सिल खिशात घेऊन एस्सेनपर्यंतची दुकानं हिंडलो. सदुसष्ट वर्षांचा माणूस, टोपी काढून, वीस पडद्यांसमोर एकामागून एक पेन्सिल हलवतोय. एका विक्रेत्यानं विचारलं, "आजोबा, वाद्यवृंद चालवताय का?" मी म्हणालो, "हो, पण वाजवणारे बेसूर आहेत." शेवटी एका जुन्या मालाच्या दुकानात एक सपाट पडदा मिळाला, अमिगाचा सिग्नल सरळ घेणारा, आणि पेन्सिल त्याच्यासमोर सलग पट्टा. तीनतीनदा हलवून बघितली. घरी येताना ट्राममध्ये तो मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला, खोटं कशाला बोलू, लग्नाच्या आधी तिच्यासाठी पहिल्यांदा फुलं नेली होती तेव्हासारखं वाटत होतं.

पहिल्या संध्याकाळी रोझविता टोपली घेऊन आली, खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली आणि बसली. मी जोडणी केली. खाणीच्या रेघा त्या पडद्यावर इतक्या स्वच्छ उतरल्या, की मला माझ्याच चुका दिसायला लागल्या. "फार भगभगतंय का?" मी विचारलं. "जरा," ती म्हणाली, म्हणून मी उजेड निम्मा केला. "आता? लुकलुकतं?" "नाही," ती म्हणाली. "लुकलुकत नाही." मी समोर वळलो आणि काम करायला लागलो, आणि माझ्या पाठीमागे, डावीकडे, दोरा कापडातून ओढल्याचा तो बारीक आवाज येत राहिला. चौतीस वर्षांत मी तो विसरलो होतो. काम किती झालं कुणास ठाऊक. मी नुसता आवाज ऐकत होतो. दुसऱ्या दिवशीही ती बसली, तिसऱ्याही. मी एकदोनदा शीळ घातली. ती म्हणाली, "काय, पगारवाढ मिळाली?" निवृत्त माणसाला पगारवाढ.

चौथ्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरची बाई पँट आखूड करायला घेऊन आली आणि रोझविता दाराशी मापं घेत उभी राहिली. माझ्या हातून एक कागद कपाटामागे पडला. तो काढायला वाकलो तेव्हा तिच्या खुर्चीला हात टेकला, आणि मी तिच्यात बसलो. खुर्ची माझ्या आठवणीतल्या कोनात नव्हती. तिनं ती थोडी फिरवली होती, दररोज थोडी थोडी, पायांच्या खुणा गालिच्यावर तीन ठिकाणी होत्या. आता ती जवळजवळ भिंतीकडे तोंड करून बसत होती. टोपलीत रिळांच्या खाली डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट होतं, निम्मं रिकामं. मी खिशातून पेन्सिल काढली आणि तिथूनच, बसल्या जागेवरून, पडद्यासमोर धरून हलवली. आठ पेन्सिली. मोजता आल्या. दुकानात पडदे पूर्ण उजेडावर लावलेले असतात. पूर्ण उजेडाला तो दिवा स्थिर होता. मी घरी उजेड निम्मा केला, आणि निम्मा उजेड म्हणजे पडदा तो दिवा अर्धा वेळ बंद ठेवत होता, सेकंदाला शेकडो वेळा. रेघ तपासायची आणि ती जिथे वापरायची तिथे तपासायची नाही, ही चूक मी कचेरीत नव्या पोराला एकदाच माफ करायचो.

रोझविता आत आली, मला तिच्या खुर्चीत बघून थांबली.

"लुकलुकतं," मी म्हणालो.

"नाही रे. आता बरं आहे."

"रोझविता."

तिनं पँट टेबलावर ठेवली, घडी नीट केली. "थोडंसं," ती म्हणाली. "चालतं मला."

"पण सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. "एकोणनव्वद साली."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. त्या वर्षी मी तिला खोटं पाडलं होतं, आणि आता तीच माझ्यासाठी खोटं बोलत होती, गोळ्या गिळून, भिंतीकडे तोंड करून, केवळ त्या खोलीत बसता यावं म्हणून. यंत्र बंद कर, असं ती एकदाही म्हणाली नव्हती. म्हणाली असती तर मी केलं असतं का? त्या संध्याकाळी मी ते बंद केलं आणि आम्ही दोघं दिव्याच्या उजेडात बसलो. पण हे काही उत्तर नव्हतं हे दोघांनाही कळत होतं. हात रिकामे असले की मी चिडचिडा होतो, आणि ती ते ओळखून विणकामाचा विषय काढते. आठ दिवसांत ती पुन्हा आत गेली असती, या वेळी माझ्या भल्यासाठी. मला आयुष्यात दुसरं काही कमवायचं उरलेलं नाही, दुसरं काही गमावायचंही नाही. फक्त एवढी एक खुर्ची. "शनिवारी मंडळ आहे, तू माझ्याबरोबर चल," मी म्हणालो. "मॉनिटर तू निवड. मला दिसत नाही."

"तुझ्या त्या म्हाताऱ्यांत?" ती म्हणाली. "मी काय घालू?"

मेल्टेमनं सगळं आधीच मांडून ठेवलं होतं. लाकडी घराच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले, मधे एक खुर्ची, पन्नास अंशांवर टेबल, मी सांगितलेल्या अंतरावर. म्हाताऱ्यांना तिनं दम भरला होता, की कुणी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. "रोझविता काकू, तुम्ही फक्त शिवायचं," ती म्हणाली. "पडद्याकडे बघायचं नाही. मी एकेक लावते. कधी लावते ते सांगणार नाही." रोझवितानं टोपलीतून वरच्या बाईची पँट काढली आणि एका पायाची शिवण धरली. पहिला माझाच जुना, घरून आणलेला. मिनिटभरात ती म्हणाली, "हा दातांत शिरतो." मी माझ्याच पायांकडे बघितलं; एकोणनव्वद साली हाच तिच्या दातांत शिरला होता. दुसरा नवा कोरा, मंद उजेडातही स्थिर राहणारा, पण त्याला अमिगाचा जुना सिग्नल पचत नाही म्हणून मधे सिग्नल बदलणारी डबी लावलेली. "हा बरा आहे, पण माशी बसल्यासारखा. मधूनच हलतो," ती म्हणाली, आणि मेल्टेमनं मान डोलावली, कारण डबी ओळींच्या दोन पाळ्या एकमेकींत नीट मिसळत नव्हती. तिसरा माझा ट्राममधून आणलेला. तिनं सुई खाली ठेवून कपाळ दाबलं आणि मी म्हणालो, "काढ तो, काढ." डेटलेफला राहवेना. "अशानं काही मिळायचं नाही," तो पुटपुटला, "ती बाई तर मेणबत्तीलाही नाव ठेवील." मेल्टेमनं त्याला चहाचे पेले विसळायला पाठवलं.

मग बराच वेळ काही झालं नाही. रोझविता शिवत होती. एक पाय संपला, तिनं दोरा दातांनी तोडला, दुसरा पाय धरला. बाहेर कुणीतरी पालापाचोळा ओढत होतं. चहा आला, कडक, साखरेचे खडे बशीत. दुसरा पायही निम्मा झाला, तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "मग? चौथा लावता आहात की नाही?"

चौथा वीस मिनिटांपासून चालू होता.

तो एक बुटका, मळकट पडदा होता, ऐंशीच्या दशकातल्या कुठल्याशा कचेरीतला, एकाच रंगाचा, मधासारख्या पिवळट उजेडाचा. त्याच्या काचेला आतून लावलेला लेप सावकाश विझतो. एक ओळ मंद व्हायच्या आत तिची पाळी पुन्हा येते. मेल्टेमनं तो फडताळाच्या पायाखाली टेकू म्हणून ठेवला होता. मी जवळ जाऊन बघितलं. माझे रंग सगळे गेले होते. हाइन्स-गेऑर्गचा निळा, श्टानिस्लावचा हिरवा, सगळे एकाच पिवळ्याच्या कमीजास्त छटा. आणि माऊसचा बाण हलवला की त्याच्या मागे उजेडाची शेपटी रेंगाळत येत होती. छत्तीस वर्षं जिच्या जिवावर जगलो त्या बारीक रेघेला त्या पडद्यावर कडाच नव्हती. "काका, याच्यावर नकाशा काढायचा म्हणजे चष्म्यावर तूप लावून वाचायचं," मेल्टेम हळूच म्हणाली. "आणखी शोधते मी, महिनाभर दे." मी रोझविताकडे बघितलं. ती पडद्याकडे पाठ करून पँटची घडी घालत होती आणि डेटलेफला विचारत होती, की सॅलडमध्ये काकडी कुणी घातली. "हाच," मी म्हणालो.

सोमवारी साडेपाचला अंधार पडला तेव्हा तो टेबलावर चालू होता. खोलीभर उबदार पिवळा उजेड होता आणि मला तो आवडत नव्हता, पण नावडतही नव्हता. जेवण झाल्यावर रोझविता खुर्ची कपाटाशी सरळ करून बसली. गालिच्यावरच्या जुन्या खुणांत पाय नेमके बसले. तासभर ती शिवत होती, मी बाणामागची शेपटी संपायची वाट बघत एकेक ठिपका ठेवत होतो, आणि मग दोऱ्याचा आवाज थांबला. मी धसकलो. वळून बघितलं, तर ती माझ्या पडद्याकडे बघत होती; सरळ, मोकळ्या डोळ्यांनी.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

"खाण."

"सगळी?"

"मला आठवते तेवढी."

तिनं खुर्ची ओढत माझ्या शेजारी आणली. मी तिला सातव्या मजल्यापासून वर नेत गेलो. कवळीच्या ठिकाणी ती इतकी हसली, की तिला चष्मा पुसावा लागला. श्टानिस्लावचा कोनाडा तिला माहीतच होता. खानावळीत म्हणे सगळ्या बायकांना माहीत होता. आम्ही लिफ्टच्या पाळण्यातून वर आलो, खाणीच्या मनोऱ्यापाशी, कपडे बदलायच्या खोलीपाशी, आणि पुढे खानावळीची खिडकी. खिडकीत एकच बाई, एकमेकांना चिकटलेल्या चार ठिपक्यांची.

"आणि ही कोण?"

"तू."

"एवढीशी?"

"या प्रमाणात मनोरासुद्धा बोटाएवढाच आहे." मग मला वाटलं, हे पुरेसं नाही. "लाल होतीस. या पडद्यावर कळत नाही. नकाशात लाल दुसरं कुणी नाही."

ती पुढे वाकली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख घालायची माझी कचेरीतली सवय. ती तिनं वाचली. मार्च एकोणनव्वद. तिनं त्या चार ठिपक्यांकडे बघितलं, पुन्हा तारखेकडे. पडदा स्थिर होता.

"म्हणजे मी आत होते तेव्हा काढलीस," ती म्हणाली.

"हो."

"मी उठून गेले ना, त्या पहिल्या दिवशी," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा मला वाटलं होतं, तू मागोमाग येशील. मी दोन कप मांडले होते."

मी विचारलं, "किती वेळ वाट पाहिलीस?"

तिनं खरंच आठवून बघितलं.

"नऊ वाजेपर्यंत."

"मग?"

"मग तुझा कप परत फडताळात ठेवला."